बिराजदारबाई बसत नसत

मला खुर्चीत फार वेळ बसवत नाही. लग्नात, बँकेत, दवाखान्यात, कुठंही दहा मिनिटं झाली की पाय वळवळायला लागतात आणि मी उठून उगाच खिडकीशी जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, एकदा डॉक्टरला दाखवा. दाखवण्यासारखं काही नाही. दोन वर्षं मी बिराजदारबाईंच्या हाताखाली शिकलो, तेव्हापासूनची ही खोड आहे आणि तिचं खापर मी बेधडक त्यांच्यावर फोडतो. त्या आता नाहीत, त्यामुळं हरकत घेणार नाहीत. असत्या तर म्हणाल्या असत्या, "फोड की. पण चालता चालता फोड, वेळ जातो."

सत्तर साल उलटून चार-दोन वर्षं झाली होती. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सोलापूरच्या आमच्या कॉलेजात समाजकार्याचा वर्ग नवाच निघाला होता. आम्ही अकरा जण. समाजकार्य म्हणजे नेमकं काय, हे अकरांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माझे वडील वैरागला शाळेत चित्रकलेचे मास्तर. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हे शिकलं की माणूस अधिकारी होतो आणि त्याला जीप मिळते. वडिलांनी ती जीप डोक्यात घेतली आणि मला एसटीत बसवून दिलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा गोरगरीब दिसत नव्हते, जीपच दिसत होती.

पहिल्या तासाला एका सरांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'सामाजिक न्याय' असं लिहून त्याची व्याख्या सांगितली. आम्ही ती उतरवून घेतली. दुसरा तास बिराजदारबाईंचा. इरकली साडी घोट्याच्या बरीच वर, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, खांद्याला कापडी पिशवी. बाई आत आल्या, टेबलाजवळची खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवून आल्या आणि बाकांच्या मधून येरझाऱ्या घालायला लागल्या. फळ्यावरचं त्यांनी उभं राहून वाचलं.

"छान आहे. पाठ करा, परीक्षेला येतं," त्या म्हणाल्या. "आता उठा. नडी."

नडी म्हणजे कानडीत चल, चालायला लाग. बाई अक्कलकोटकडच्या. बोलायच्या मराठी, पण घाई झाली की कानडीवर यायच्या, आणि घाई त्यांना कायमचीच होती. पुढच्या दोन वर्षांत तो शब्द मी इतक्यांदा ऐकला की झोपेत कुणी 'नडी' म्हटलं असतं तरी मी चपला शोधल्या असत्या. कॉलेजातल्या इतर पोरांनी त्यांचं नाव भिंगरी ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

आमची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. प्रत्येकाला गावाच्या नावानं हाक. मी वैराग. कलावती नावाची एक बारीक चणीची, कानडी बोलणारी मुलगी होती, ती वळसंग. एक जण बार्शी. "नाव विसरलास तरी चालंल," त्या म्हणायच्या, "पण आपण कुठनं आलो ते विसरलास की तू वस्तीत जाऊन उपदेश करायला लागणार." मला तेव्हा या हाकेचा राग यायचा. हजेरीपटावर वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव असताना माणसानं एसटीच्या पाटीसारखं का वावरावं, असं वाटायचं.

बाई आम्हाला घेऊन गेल्या ती चिंचेची वस्ती. गिरणीच्या मागं, रुळांकडं उतरत गेलेल्या पडीक जागेवर तीसेक घरं होती. तरट, पत्रे, कुडाच्या भिंती. मधोमध एक जुनं चिंचेचं झाड. काही जण दुष्काळात गावाकडनं आलेले, काही आधीपासूनचे तेलुगू बोलणारे, माग चालवणारे, आणि जवळजवळ प्रत्येक दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई. जागा एका सरकारी कचेरीच्या मालकीची होती. ती कुठली, हे आता सांगून उपयोग नाही.

"पहिला महिना कागद-पेन्सिल बंद," बाईंनी वस्तीच्या तोंडाशीच बजावलं. "जायचं आणि बसायचं."

"आणि विचारायचं काय?" मी म्हणालो.

"काही न्हाई. त्यांनी विचारलं तर सांगायचं."

मग एक महिनाभर आमचीच चौकशी झाली. नरसम्मा म्हणून एक म्हातारी होती, चिंचेसमोरच्या घरातली. वस्तीतलं कुठलंही भांडण तिच्या दारात येऊन मिटायचं. तिचे हात विडी वळत असायचे आणि डोळे माझ्यावर. आईचं नाव काय, घरी म्हैस किती दूध देते, लग्न का नाही केलं, सगळं तिनं काढून घेतलं. एक दिवस म्हणाली, "हे शिकून तू काय करनार की?"

"समाजाचं काम करणार," मी म्हणालो.

"मग आमी काय करतो?"

वळसंग तोंडावर पदर धरून हसायला लागली.

सांगण्यासारखी गोष्ट पुढंच आहे. कॉलेजात, प्राचार्यांच्या खोलीत, एसटीत, कुठंही न बसणाऱ्या बिराजदारबाई नरसम्माच्या दारात मात्र बसायच्या. तरटावर मांडी घालून, भिंतीला पाठ टेकवून, तास तास. पाय हलत नसत, बोटं चाळा करत नसत. मधेच सुपातलं एखादं पान उचलून त्या कात्रीनं विडीच्या मापाचं कापायच्या. ते दर वेळी वाकडं जायचं. नरसम्मा ते पान उचलायची, एकदा बघायची आणि काही न बोलता बाजूला टाकायची. दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटत नसे. मी बाईंना एकदा विचारलं, तुम्ही इथंच कशा बसता? त्या म्हणाल्या, "हितं मला कुणी शिकवणारी बाई समजत न्हाई म्हणून." आणि लगेच उठल्या, जणू काही जास्त बोलून गेल्या होत्या.

दुसऱ्या महिन्यात कागद आला. त्याबरोबर बाईंचा नियमही आला, जो मी पुढं कुठल्याही शिकवणाऱ्याकडं पाहिला नाही. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. त्यानं हो म्हटलं तरच वही बाईंकडं. बार्शीनं एकदा एका घरात न जाताच, दारातनं डोकावून अहवाल ठोकला होता. घरात भांडी किती, खाणारी तोंडं किती, सगळं अंदाजानं. बाई रागावल्या नाहीत. त्याला घेऊन त्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "वाच." बार्शी वाचत होता आणि घरमालक मान डोलावत ऐकत होता. शेवटी तो माणूस म्हणाला, "लई चांगलं लिवलंय. पर हे कुनाच्या घराचं हाय?" बार्शीनं तो आठवडा मान वर केली नाही. आम्हीही पुन्हा अंदाजानं काही लिहिलं नाही. अहवालात एक अक्षर खोटं नको, हे बाईंनी आमच्या हाडात मुरवलं.

आणि त्या खरेपणानंच घात केला.

वस्तीच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून, पाच झोपड्या होत्या. बऱ्या दिसायच्या, पण त्यांत कुणी राहत नव्हतं. चूल नाही, भांडं नाही. मला कोडं पडलं होतं. नरसम्मानं महिनाभर त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. मग एका दुपारी, बाई भिंतीला टेकून बसलेल्या असताना, तिनं आपण होऊन सांगितलं. "ती सरकारची घरं."

"सरकारची?"

"दरसाल सरकारची टोळी येती की पाडायला. ही पाच पाडती. आमी रडतो. बाया छाती बडवून घेत्यात. टोळी कागदावर लिवती, जाती. सांजच्याला आमी पुन्ना बांधतो." ती विडीला दोरा गुंडाळत होती. "त्येंचं बी काम व्हतं, आमचं बी."

खरी वस्ती पाठीमागं होती. तिच्यात जायची वाट दोन भिंतींच्या मधली, दोरीवरच्या वाळत्या लुगड्यांच्या आड. टोळीला ती कधी सापडली नव्हती, किंवा शोधून काढायची कुणाला गरज वाटली नव्हती. आम्ही पोरं खूश झालो. सामुदायिक संघटन म्हणून पुस्तकात जे वाचत होतो ते हे, असं मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. बाई मात्र त्या दिवशी घरी जाताना हळू चालत होत्या. कोपऱ्यावर त्या म्हणाल्या, "हे तिनं आपल्याला सांगितलंय, वैराग. मोठी गोष्ट आहे."

वस्तीत पाणी नव्हतं. बायका रूळ ओलांडून पलीकडच्या नळावर जायच्या. गाडी आली की हंडे घेऊन मधेच थांबायचं. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका पोरीचा पाय थोडक्यात वाचला आणि बाईंच्या पायाखालची जमीन तापली. पाणी आलंच पाहिजे. अर्ज केले, जागा ज्या कचेरीची तिथंच खेटे घातले. शेवटी तिथले एक साहेब म्हणाले, नुसत्या अर्जावर काय करू, वस्ती कुठं, किती घरं, नळ नेमका कुठं, काहीतरी समोर ठेवा.

"वैराग, तुझा बाप ड्रॉइंगमास्तर ना?" बाई म्हणाल्या. "नकाशा काढ."

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. पावलं मोजली, दोरी लावली, वडिलांची जुनी पेटी मागवून काळ्या शाईनं रेघा ओढल्या आणि रंग भरले. प्रत्येक घर, त्याचं दार कुठल्या दिशेला, घरातल्या कर्त्याचं नाव, घराला नंबर. चिंच हिरव्या रंगात. दोन भिंतींमधली वाट ठिपक्या ठिपक्यांची. आणि पुढच्या पाच घरांवर, अहवालात एक अक्षर खोटं नको म्हणून, बारीक सुबक अक्षरांत लिहिलं, रिकामी. पाच वेळा लिहिलं. इतका देखणा कागद मी आयुष्यात पुन्हा कधी काढला नाही. मला तेव्हा वाटत होतं, हा बघून वडील जीपचं विसरतील.

बाईंना तो मी व्हरांड्यात दाखवला. त्या निघायच्या घाईत होत्या. साहेब दुसऱ्या दिवसापासून रजेवर जाणार होते. बाईंनी नकाशा भिंतीला लावून धरला, उभ्या उभ्या डोळ्यांखालून घातला, "सोन्यासारखा हात आहे रे," म्हणाल्या आणि कोपऱ्यात सही केली.

वळसंग म्हणाली, "बाई, वस्तीत वाचून दाखवायचा राहिला की."

"परवा दाखवू. आधी पाणी. नडी, नडी."

साहेबांनी चहा पाजला. नकाशाचं फार कौतुक केलं. महिनाभरात चिंचेखाली नळ आला. नरसम्मानं नारळ फोडला आणि पहिल्या हंड्यातलं पाणी बाईंच्या पायांवर ओतलं. बाई ओशाळून मागं सरत होत्या आणि सगळ्या बाया हसत होत्या. परवा दाखवायचा नकाशा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. नळ आल्यावर नकाशा कशाला हवा, असंच आम्हाला वाटलं असणार.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी आली. आदल्या साली ती आम्ही सुट्टीला गावी गेल्यावर आली होती. परीक्षेचे दिवस होते. बार्शी धावत वर्गात आला आणि बाई आमच्या पुढं पळत निघाल्या. पन्नाशीच्या बाईला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही पोचलो तेव्हा निम्मी वस्ती आडवी झाली होती. पुढच्या पाच झोपड्या जशाच्या तशा उभ्या होत्या. टोळीनं त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. ती सरळ लुगड्यांची दोरी बाजूला सारून आत शिरली होती. टोळीच्या मुकादमाच्या हातात निळ्या छपाईतली एक प्रत होती आणि तो तीवर बोट ठेवून नंबर वाचत होता. मी माझं अक्षर ओळखलं.

नरसम्मा नळाजवळ उभी होती. घर तिचं पडलेलं होतं. ती त्या पाच झोपड्यांकडं बघत म्हणाली, "ही ठेवली व्हय? रिकामी म्हनून?"

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं बघून ओळखलं.

माणसं आमच्याकडं वळली. आम्ही अकरा पोरं, हातांत वह्या. तेवढ्यात बाई पुढं झाल्या. चिंचेच्या बुंध्याशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नकाशा मी दिला. तुम्हाला न वाचता दिला. सही माझी आहे."

कुणी शिवी दिली नाही. कुणी दगड उचलला नाही. एक माणूस पत्रा ओढून नेत होता, तो म्हणाला, "व्हा बाजूला, बाई." एवढंच. बाई बाजूला झाल्या. मी काहीच बोललो नाही. नकाशा काढला मी, 'रिकामी' लिहिलं मी, आणि सगळ्यांदेखत बाईंनी माझा वाटा उचलला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट लिहायलाही मला आज लाज वाटते. दोनच दिवसांत वस्ती पांगली. कुणी दुसऱ्या झोपडपट्टीत, कुणी गावाकडं, कुणी शहराबाहेर.

बाईंनी कचेरीत जाऊन काय आदळआपट केली, कुठं कुठं अर्ज केले, ते सांगत बसत नाही. त्यातून काही झालं नाही. त्या महिन्याभरात त्या खूप वाळल्या. पण मला आठवतं ते दुसरंच. निकाल लागायच्या आधी एका सकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. आम्ही तिघं मित्र राहायचो, खोलीत पसारा. बसा म्हणायची सोय नव्हती आणि त्या बसणारही नव्हत्या.

"वैराग, तो नकाशा परत काढ."

"कशाला, बाई?"

"वाचायचा राहिलाय."

मी कच्च्या टिपणांवरून दुसरा काढला. रंग भरले नाहीत. बाई पूर्ण वेळ दारात उभ्या होत्या. पुढच्या पाच घरांशी आलो तेव्हा माझा हात थांबला. "लिही," त्या म्हणाल्या. "आधी लिहिलं होतंस तसंच." मी लिहिलं. तेव्हा तरी म्हणायचं होतं की बाई, चूक माझी आहे. तेही म्हणालो नाही.

मग दर रविवारी बाई निघायच्या. पांगलेली घरं एकेक शोधून काढायची. शाळेत चौकशी, विडीच्या कारखान्याच्या फाटकाशी चौकशी, बाजारात चौकशी. सापडलं की दारात उभं राहायचं आणि नकाशा उघडून वाचायचं. हे तुमचं घर होतं. दार उगवतीला. शेजारी अमका. ही वाट. ही पाच रिकामी. हा कागद तुम्हाला न दाखवता मी कचेरीत दिला. सुरुवातीला मी आणि वळसंग बरोबर जायचो. एका घरी दार तोंडावर लावून घेतलं. एकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या बापाचं नाव चुकीचं लिवलंय," आणि बाईंनी तिथंच उभ्या उभ्या ते दुरुस्त केलं. एका घरी एक बाई ऐकता ऐकता रडली आणि तिनं आम्हाला भाकरी वाढली. बाईंनी ती उभ्यानं खाल्ली. बसा म्हणणारे पुष्कळ भेटले, पण बाई कुठंच बसल्या नाहीत.

"कशासाठी हे, बाई?" वळसंगनं एकदा विचारलं. "घर तर परत येणार न्हाई."

"त्यांच्याविषयी लिहिलंय, त्यांनी ऐकायला नको?" बाई म्हणाल्या. जरा पुढं गेल्यावर म्हणाल्या, "आधी वाचून दाखवायचं, हे तुमच्याकडनं दोन वर्षं करून घेतलं. मलाच तेवढी घाई झाली होती."

सगळी घरं सापडत गेली, एक सोडून. नरसम्माचं. तिचा पत्ता कुणी देईना. नाव काढलं की माणसं विषय बदलायची. बाईंना त्याचा एकच अर्थ लागत होता, की ती आपल्यावर इतकी चिडलीय की तोंड बघायला नको. यावर त्या कधी बोलल्या नाहीत. पण रस्त्यात एखादी म्हातारी डोक्यावर सूप घेऊन जाताना दिसली की त्या तिच्यामागं काही पावलं जायच्या आणि परत यायच्या.

मी पास झालो, बार्शीला एका कचेरीत लागलो. जीप नव्हती, सायकल होती. बाईंना दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. पत्रं लिहायची तर बसावं लागतं. मला नोकरीत चैन पडत नव्हतं. समोर फॉर्म आला की त्यावरचं प्रत्येक नाव ज्याचं आहे त्याला वाचून दाखवावंसं वाटायचं, आणि हेडक्लार्क म्हणायचे, सही करा हो, पुढं ढकला. अशी तीन-चार वर्षं गेली.

मग एका दुपारी कामानिमित्त सोलापुरात उतरलो तर स्टँडवर बाई. फलाटाच्या कडेला उभ्या, तीच पिशवी. केस बरेच पांढरे झालेले. मी नमस्कार केला. चार वर्षांपूर्वी सोडलेलं बोलणं पुढं चालू करावं तसं त्या म्हणाल्या, "सापडली. कुंभारीला आहे. वळसंगच्या एका नातेवाइकानं पाहिली. येतोस?"

मी माझं काम सोडून गाडीत चढलो. बाई वाटभर दांडीला धरून उभ्या होत्या. गाडीत जागा होती.

कुंभारीत गावाबाहेर एका ओळीतल्या शेवटच्या खोलीत नरसम्मा राहत होती. एकटी. दारात बसून विड्या वळत होती. आम्हाला पाहून तिचे हात थांबले नाहीत. बाईंनी पिशवीतून नकाशा काढला. घड्यांच्या जागी फाटला होता, मागून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. बाई वाचायला लागल्या. चिंच. नळ. चिंचेसमोर तुझं घर, दार झाडाकडं. दोन भिंतींमधली वाट. "ही पाच," त्या म्हणाल्या, "रिकामी." आणि थांबल्या.

"ते मी लिहिलं," मी म्हणालो. "नकाशा मी काढला होता, आजी."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. नरसम्मानं हातातली विडी पुरी केली, दोरा दातानं तोडला आणि सुपात ठेवली.

"तू लिवलं. तिनं दिलं," ती म्हणाली. "आनि सांगितलं कुनी?"

तिनं सुपातलं नवं पान उचललं.

"मीच की. इतकी वर्सं कुनी भाईरच्याला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सगळी वस्ती त्येच म्हनत व्हती. म्हातारीच्या तोंडाला कुलूप न्हाई. सख्खी सून दारात घेईना. म्हनून हितं आले."

"पण मी सगळ्यांना सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "दारोदार जाऊन सांगितलं, की मी दिला."

"सांगितलं असशील. तुझ्यावर कोन रागावनार?" नरसम्मा सहज म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "तू भाईरची. मानूस घरच्यावर रागावतं."

बाईंच्या हातातला कागद खाली आला. चार वर्षं दर रविवारी त्यांनी दारोदार जाऊन जो दोष अंगावर ओढून घेतला होता, तो एकाही घरानं त्यांना दिलाच नव्हता. तो इथं, या खोलीत, या म्हातारीकडं राहिला होता. मला वाटलं त्या आता रडतील, किंवा क्षमा मागतील, किंवा नेहमीसारख्या ताडकन चालायला लागतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या खाली बसल्या. तरट नव्हतं, मातीतच. मांडी घातली, भिंतीला पाठ टेकवली.

मग बाईंनी सुपातलं एक पान उचललं, कात्री घेतली आणि कापलं. नरसम्मानं ते पान हातात घेऊन बघितलं आणि बाजूला टाकलं. बाईंनी दुसरं उचललं.

मी उभाच होतो. माझे पाय वळवळत होते. साडेचारच्या गाडीची वेळ होत आली तेव्हा मी म्हणालो, "बाई, गाडी."

त्यांनी वर पाहिलं नाही. त्या पान कापत होत्या.

"नडी, वैराग," त्या म्हणाल्या.

मी निघालो. बाईंशी ती माझी शेवटची भेट. पुढं त्या गेल्याचं मला वळसंगच्या पत्रातून कळलं. त्या दुपारी फाट्याच्या वळणावर मी थांबून मागं पाहिलं. गाडीचा हॉर्न ऐकू येत होता, आणि बाई अजून बसलेल्याच होत्या.